चकतीपासून दूर गेलं की विद्युतक्षेत्र 'शून्य'? श्रेणी नक्की कुठे तोडायची

देवचाफा

नमस्कार मंडळी,

माझा भाचा यंदा बारावीला आहे. परवा रविवारी जेवणं आटोपल्यावर वही घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, उत्तर शून्य येतंय आणि पर्यायांत शून्य नाहीच."

गणित नेहमीचंच. एका पातळ गोल चकतीवर विद्युत प्रभार सारखा पसरलेला आहे आणि तिच्या अक्षावर विद्युतक्षेत्र काढायचंय. इथे सूत्रं नीट दिसावीत म्हणून देवनागरी अक्षरंच घेते: चकतीची त्रिज्या त्र, केंद्रापासून अक्षावरचं अंतर अ, एकूण प्रभार प्र, कूलॉमचा स्थिरांक क. चकतीला अगदी चिकटून जे क्षेत्र असतं (सिग्मा भागिले दोन एप्सायलॉन-शून्य; सिग्मा म्हणजे एकक क्षेत्रफळावरचा प्रभार, एप्सायलॉन-शून्य हा निर्वाताचा विद्युत स्थिरांक) त्याला प म्हणू. भाच्याने चकतीचे बारीक रिंगांत तुकडे पाडून, इंटिग्रेशन करून सूत्र स्वतः काढलं होतं. त्यात एकही चूक नव्हती:

वि = प × [१ − अ ÷ √(अ² + त्र²)]

पुढचा प्रश्न होता, "चकतीपासून खूप दूर क्षेत्र किती?" त्याने विचार केला की अ प्रचंड मोठा, त्यापुढे त्र² नगण्य, म्हणून वर्गमुळातून अ बाहेर आला. कंसात १ − १. उत्तर शून्य.

मी म्हटलं, अरे, लांबून बघितलं तर चकती ठिपक्याएवढीच दिसणार ना? मग बिंदूप्रभाराचं सूत्र यायला हवं, क·प्र ÷ अ². त्यावर त्याने जे विचारलं त्यामुळे मी हा धागा काढला. तो म्हणाला, "लहान संख्या सोडून द्यायला तूच शिकवलंस. मी सोडून दिली. मग चुकलं कुठे?"

प्रश्न अगदी रास्त होता. मला लगेच उत्तर देता आलं नाही. बी.एस्सी.ला आम्ही ही पायरी "द्विपद विस्ताराने" असं लिहून पुढे जायचो. का, हे कधी कुणी विचारलंच नाही.

मग दोघं शांतपणे बसलो. क्ष = (त्र ÷ अ)² असं धरलं. ही निव्वळ संख्या आहे, तिला एकक नाही. आता कंस असा झाला:

१ − (१ + क्ष) चा ऋण अर्धा घात

आणि द्विपद विस्तार देतो:

(१ + क्ष) चा ऋण अर्धा घात = १ − क्ष/२ + ३क्ष²/८ − ५क्ष³/१६ + …

विस्तारातला पहिला १ आणि कंसातला बाहेरचा १ एकमेकांना कापतात, क्ष/२ मागे उरतो. प × क्ष/२ मांडून आकडेमोड केली की बरोब्बर क·प्र ÷ अ² येतं. पुढचं पदही ठेवलं तर:

वि = (क·प्र ÷ अ²) × [१ − ३क्ष/४ + ५क्ष²/८ − …]

भाच्याने टाकलेली गोष्ट लहान होती हे खरंच. पण जिच्या तुलनेत ती लहान होती, तो १ वजाबाकीत स्वतःच नाहीसा झाला. त्यामुळे ती 'लहान' गोष्ट म्हणजेच सगळं उत्तर होतं. हे दिसल्यावर तो काही वेळ वहीकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला, "म्हणजे आधी वजाबाकी करायची आणि मग टाकायचं." मला हे इतक्या सरळ शब्दांत सांगता आलं नसतं.

आता मंडळींना विचारायचंय ते असं, की किती पदं ठेवायची हे तुम्ही कसं ठरवता? आणि मुलांना कसं सांगता?

---

कातळ

फार छान धागा. माझा अनुभव संगणकाच्या बाजूचा आहे, मी प्रोग्रॅमिंग करतो. तुमच्या भाच्याने हाताने जे केलं तेच संगणकही करतो, आणि तो तर सांगतही नाही.

वरचं सूत्र जसंच्या तसं पायथॉनमध्ये लिहा. त्र = १ आणि अ = १०⁸ द्या. उत्तर येतं ०.०, अगदी नेमकं शून्य. कारण साधारण १६ अंकांपलीकडे संगणक संख्या धरून ठेवत नाही. १०¹⁶ मध्ये १ मिळवला तर त्याच्या लेखी बेरीज १०¹⁶ च राहते. खरं उत्तर प च्या ५ × १०⁻¹⁷ पट आहे. लहान आहे, पण शून्य नाही.

श्रेणी न वापरताही यावर उपाय आहे. शाळेत करायचो तसं अंशाचं परिमेयीकरण करायचं. मुळाला म म्हणू, म = √(अ² + त्र²). मग

१ − अ/म = त्र² ÷ [म × (म + अ)]

आता वजाबाकीच उरली नाही, त्यामुळे कुठल्याही अंतराला उत्तर बरोबर येतं. आणि गंमत बघा, इथे अ मोठा धरून मुळातला त्र खुशाल टाका, छेदात २अ² येतो आणि बिंदूप्रभाराचं सूत्र आपोआप समोर उभं राहतं. भाच्याची पहिली युक्तीच इथे चालते, कारण आता कटण्यासारखं काही नाही.

---

देवचाफा

कातळ, हे त्याला आजच दाखवते. परिमेयीकरणाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

---

रानजाई

वाचनखूण साठवली. सवडीने लिहिते.

---

मोजपट्टी

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न मला फार जवळचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांना मी एकच सांगायचो: कटाकटीनंतर जे पहिलं पद उरेल ते उत्तर, आणि त्याच्या पुढचं पद ही त्या उत्तराची चूक. पुढचं पद काढल्याशिवाय आपलं उत्तर कितपत खरं आहे हे आपल्यालाच ठाऊक नसतं. "खूप दूर" हे शब्द पुस्तकात सर्रास येतात. खूप म्हणजे किती, हे पुढच्या पदाला विचारायचं.

तुमच्याच चकतीचं बघा. पुढचं पद ३क्ष/४ आहे. अ = १० त्र घेतलं तर क्ष = ०.०१ आणि चूक पाऊण टक्का. म्हणजे १० सेंटीमीटर त्रिज्येची चकती एक मीटरवरून बिंदू मानली तर पाऊण टक्का फरक पडतो. प्रयोगशाळेत तो चालून जातो.

आता अ = ३ त्र घेऊ. इथे खरं उत्तर बिंदूप्रभाराच्या ०.९२३७ पट येतं. नुसतं बिंदूप्रभाराचं सूत्र ८.३ टक्के जास्त सांगतं. दोन पदं ठेवली तर ०.९१६७ म्हणजे पाऊण टक्का कमी. तीन पदं ठेवली तर ०.९२४४, चूक ०.०७ टक्के. एकदा वर, एकदा खाली, आणि दर वेळी खऱ्याच्या जवळ. मी हे फळ्यावर एकेक ओळ करत लिहायचो. मुलांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः काढलं की श्रेणीवर त्यांचा विश्वास बसायचा. माझ्या सांगण्याने तो कधीच बसला नाही.

आता दुसरं टोक, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. चकतीच्या अगदी जवळ गेलं की ती अनंत पसरलेल्या पत्र्यासारखी वागते, क्षेत्र प. तिथे अ ÷ त्र ही लहान संख्या:

वि = प × [१ − अ/त्र + (अ/त्र)³/२ − …]

इथे पुढचं पद थेट अ/त्र आहे, त्याचा वर्ग नाही. म्हणून त्रिज्येच्या एक दशांश इतक्या जवळ गेलात तरी अनंत पत्र्याचं सूत्र सुमारे ११ टक्के चुकतं (खरं उत्तर ०.९००५ प). चूक एक टक्क्यावर आणायची तर त्रिज्येच्या शंभराव्या भागाइतकं जवळ जावं लागतं. दहापट दूर गेलं की बिंदू मानायला हरकत नाही, पण दहापट जवळ गेलं म्हणून अनंत पत्रा मानता येत नाही. दोन्ही टोकं सारखीच वागतील असं मुलं गृहीत धरतात, तरुणपणी मीही धरायचो.

---

भरतीओहोटी

सर, जवळची आणि दूरची अशा दोन श्रेणी झाल्या. मधे काय? समजा अ = त्र?

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. काल रात्री हे करून बघितलं. अ = त्र म्हणजे क्ष = १. कंसाची खरी किंमत १ − १/√२ = ०.२९२९. श्रेणीची बेरीज एकेक पद वाढवत केली तर ०.५, ०.१२५, ०.४३७५, ०.१६४१… नुसती हेलकावे खातेय. आणि अ याहून कमी घेतलं की पदं वाढतच जातात. क्षेत्र तर तिथेही अगदी नीट आहे, कुठे काही फुटत-तुटत नाही. मग श्रेणीला नेमकं तिथेच काय होतं?

---

मोजपट्टी

फार चांगला प्रश्न. अडचण खऱ्या संख्यांच्या रेषेवर दिसतच नाही. √(अ² + त्र²) शून्य कधी होईल? अ² = −त्र² असताना. म्हणजे अ काल्पनिक हवा, आणि त्याचं माप नेमकं त्र. संमिश्र प्रतलात (एका अक्षावर खऱ्या संख्या, दुसऱ्यावर काल्पनिक) शून्याभोवती त्र त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते दोन वाईट बिंदू त्याच वर्तुळावर बसतात. बाहेरची श्रेणी वर्तुळाच्या आत चालत नाही आणि आतली बाहेर चालत नाही. आपण बरोबर वर्तुळावर उभे आहोत, म्हणून बेरीज इतकी रेंगाळतेय.

पण ती टाकून देऊ नका. तुमच्या बेरजांची शेजारशेजारची सरासरी घ्या: ०.३१२५, ०.२८१३, ०.३००८. त्यांची पुन्हा सरासरी: ०.२९६९, ०.२९१०. पुन्हा एकदा: ०.२९३९. चारच पदांतून खऱ्या ०.२९२९ च्या इतकं जवळ.

रेंगाळणाऱ्या श्रेणीच्या शेपटाला अशी दुरुस्ती जोडायची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. केरळातल्या संगमग्रामच्या माधवाच्या परंपरेत, १४व्या-१५व्या शतकात, १ − १/३ + १/५ − १/७ … ही वर्तुळाच्या परिघाची श्रेणी होती. तीही काठावरचीच, अतिशय मंद. त्या लोकांनी न पदांनंतर तोडताना शेवटी १/(४न) एवढी दुरुस्ती द्यायची, आणि त्याहून बारीक हवी तर न/(४न² + १), असं शोधून काढलं. श्रेणी तोडली तर जे राहून गेलं त्याचा हिशेब ठेवायचा, ही जाण त्या गणितात आहे. मला हे वर्गात सांगताना दर वेळी भरून यायचं.

---

भरतीओहोटी

सर, सरासरी करून पाहिली. वहीच्या अर्ध्या पानात झालं. मनापासून आभार.

माझ्या आयडीला शोभेल असं एक जोडतो. आम्ही रत्नागिरीकडचे, उधाण लहानपणापासून बघतोय. त्यामागचं गणित द्विध्रुवाचंच आहे. द्विध्रुवात +प्र आणि −प्र जवळजवळ, मध्यापासून ल अंतरावर ठेवलेले असतात आणि आपण १/(अ − ल)² मधून १/(अ + ल)² वजा करतो. पहिली पदं कटतात, उरतं ते घनाच्या व्यस्त प्रमाणात. भरतीतही चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूला किती आणि केंद्राला किती, यांतला फरकच मोजायचा असतो. तिथेही वर्ग कटतो आणि घन उरतो.

म्हणून सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या सुमारे पावणेदोनशे पट असूनही भरतीत त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अंतराने एकदा जास्त भागलं जातं ना. पौर्णिमा-अमावास्येला दोघांचे वाटे एका रेषेत येतात आणि पाणी पार वर चढतं.

---

सायलीचा_वेल

सगळं वाचलं आणि आवडलं. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडते. माझी मुलगी प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. प्रश्नाला दोन-तीन मिनिटं मिळतात. तिला क्लासमध्ये सांगितलंय की द्विध्रुवाचं अक्षावरचं सूत्र पाठ, विषुववृत्तीय रेषेवरचं पाठ, दूरची चकती म्हणजे बिंदू, विषय संपला. विस्तार करत बसायला वेळ कुठून आणायचा?

---

देवचाफा

ताई, ही अडचण खरी आहे, आमच्याही घरी आहे. मी वेळ मोजून पाहिला. विस्तार मनात बसलेला असेल तर तीन ओळी लागतात, दीड मिनिट. आणि पाठ केलेल्या सूत्राच्या बाहेरचा प्रश्न आला की तोच विस्तार हाताशी असतो.

परवाचंच सांगते. सराव संचात एका रेषेत तीन प्रभार होते: +प्र, मधे −२प्र, मग पुन्हा +प्र, शेजारच्या दोघांत अंतर ल. दूरवर, त्याच रेषेवर क्षेत्र किती? भाच्याने (१ + क्ष) चा न घात ≈ १ + नक्ष एवढंच वापरलं आणि पुन्हा शून्य आलं. पण या वेळी तो थांबला. स्वतःच म्हणाला, "एक पद कमी पडलं." तिसरं पद घेतलं आणि उत्तर आलं ६·क·प्र·ल² ÷ अ⁴. शून्य दिसल्यावर पुढचं पद काढायचं, एवढं त्याच्या हाताला कळलं होतं. असा प्रश्न पाठ करून कसा सुटणार?

---

सायलीचा_वेल

हे पटलं. तीन प्रभारांचं गणित आज रात्री तिला देते.

---

रानजाई

आता लिहिते. मी रेणूंच्या संगणकीय अभ्यासात काम करते, आणि देवचाफाताईंच्या भाच्याचं ते तीन प्रभारांचं गणित म्हणजे हुबेहूब कार्बन डायऑक्साइड! फक्त चिन्हं उलटी: मधला कार्बन धन, कडेचे दोन ऑक्सिजन ऋण. एकूण प्रभार शून्य, रेणू सरळ रेषेत असल्यामुळे द्विध्रुवही शून्य. पहिलं पद गेलं, दुसरं गेलं, तिसरं (चतुर्ध्रुव म्हणतात त्याला) उरलं. पाण्याचा रेणू वाकलेला आहे, म्हणून त्याचं दुसरं पद कटत नाही. त्याचा द्विध्रुव आघूर्ण (प्रभार गुणिले दोन प्रभारांतलं अंतर) १.८५ डिबाय, म्हणजे सुमारे ६.२ × १०⁻³⁰ कूलॉम-मीटर. एक नॅनोमीटरवर, अक्षाच्या दिशेने, २·क·द्विध्रुव ÷ अ³ मांडलं तर मीटरला सुमारे ११ कोटी व्होल्ट येतात.

पण मोजपट्टी सर म्हणतात तेच इथेही करायला लागतं, लहान संख्या तपासायची. पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजन अंतर साधारण ०.०९६ नॅनोमीटर आहे. एक नॅनोमीटरवर गुणोत्तर एक दशांश, ठीक आहे. पण द्रव पाण्यात शेजारचा रेणू ०.२८ नॅनोमीटरवरच बसलेला असतो. गुणोत्तर एक तृतीयांश! तिथे एकट्या द्विध्रुवावर भागत नाही. म्हणून आम्ही पाण्याचं अनुकरण करताना रेणूला एक बाण न मानता अणूंच्या जागी थोडा थोडा प्रभार ठेवतो आणि कूलॉमची बेरीज सरळ करतो. शिकायला लागले तेव्हा मी दूरचं सूत्र जवळ वापरलं होतं आणि एक आठवडाभर येणारी सगळी उत्तरं विचित्र होती. चूक सापडली ती शेवटी लहान संख्या कागदावर लिहून बघितल्यावर.

---

मोजपट्टी

रानजाईताई, सुंदर. 'लहान संख्या आधी कागदावर लिहा' हे मी प्रत्येक वर्गात सांगायचो.

देवचाफाताई, भाच्याला माझ्याकडून एक गणित. त्याच्या चकतीवर +प्र आहेच. आता तिच्या काठावरून एक बारीक रिंग बसवायची, त्याच त्रिज्येची, तिच्यावर −प्र. एकूण प्रभार शून्य. अक्षावर खूप दूर क्षेत्र किती, कोणत्या दिशेला, आणि अ = १० त्र असताना त्याच्या उत्तरात चूक किती? रिंगचं सूत्र त्याला येतच असणार: क·प्र·अ ÷ (अ² + त्र²) चा दीड घात.

---

देवचाफा

सर, आज संध्याकाळी सोडवलं. त्याचंच वहीतलं उतरवते.

चकती: (क·प्र ÷ अ²) × [१ − ३क्ष/४ + ५क्ष²/८]
रिंग: (क·प्र ÷ अ²) × [१ − ३क्ष/२ + १५क्ष²/८]

वजाबाकी केली की १ कटतो आणि उरतं (क·प्र ÷ अ²) × [३क्ष/४ − ५क्ष²/४]. म्हणजे दूरवर क्षेत्र ३·क·प्र·त्र² ÷ ४अ⁴, दिशा चकतीपासून दूर, कारण रिंगचा प्रभार अक्षापासून लांब असल्याने अक्षावर तिचं क्षेत्र चकतीपेक्षा कमी पडतं.

अ = १० त्र: एका पदाने ०.००७५, दोन पदांनी ०.००७३७५. नंतर त्याने मूळ सूत्रांत थेट आकडे घालून पाहिलं, ०.००७३७७ आलं. म्हणजे एका पदात चूक पावणेदोन टक्क्यांच्या आत.

आणि सर, थेट आकडे घालताना त्याने वजाबाकी आधी कातळ यांच्या पद्धतीने बदलून घेतली होती. मी सांगितलं नव्हतं.